खालच्या दाढेची भूल: कोकेनपासून आर्टिकेनपर्यंत

वरच्या दाढेच्या मुळाशी हिरडीत औषध सोडले की ते पातळ, सच्छिद्र हाडातून झिरपून आतल्या मज्जातंतूपर्यंत पोहोचते. खालच्या दाढांभोवतीचे हाड जाड आणि घट्ट असते, त्यामुळे औषध बाहेरच अडते. खालच्या दाढेच्या भुलीचा इतिहास म्हणजे या हाडाशी चाललेली झुंज आहे.

१८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करता येतो हे दाखवले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि रिचर्ड हॉल यांनी हाडाला वळसा घातला: मज्जातंतू जबड्यात शिरण्याआधीच त्याच्याजवळ कोकेन टोचले. हाच आजचा 'ब्लॉक'. स्वतःवर प्रयोग करता करता हॉल्स्टेड मात्र कोकेनच्या आहारी गेले.

व्यसन न लावणारे औषध जर्मन रसायनशास्त्रज्ञ आइनहॉर्न यांच्या प्रोकेनमुळे मिळाले. ते रक्तवाहिन्या रुंदावते, म्हणून लवकर वाहून जाते. १९०५ मध्ये हाइनरिश ब्राउन यांनी त्याला रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या अ‍ॅड्रेनालिनची जोड दिली, तेव्हा कुठे ते टिकू लागले. स्वीडनमध्ये लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी १९४३ मध्ये लिग्नोकेन बनवले. प्रोकेनपेक्षा अ‍ॅलर्जी कितीतरी कमी, परिणाम लवकर आणि खात्रीचा. आपल्याकडच्या दवाखान्यांत आजही २% लिग्नोकेन आणि १:८०,००० अ‍ॅड्रेनालिनची ३० मिलीची कुपी सर्रास दिसते.

औषधे बदलली, पण सुईची वाट तीच राहिली. अंगठा जबड्याच्या पुढच्या खाचेवर, सिरिंज समोरच्या बाजूच्या उपदाढांवरून, चावण्याच्या पातळीपेक्षा ६ ते १० मिमी वर. २० ते २५ मिमी आत हाड लागले की सुई १ मिमी मागे घ्यायची, दांडा ओढून रक्त येत नाही ना ते पाहायचे आणि सुमारे १.५ मिली औषध मिनिटभर हळूहळू सोडायचे. हाड फार लवकर लागले तर सुई बरीच पुढे आहे. ओठ जड झाला म्हणजे दाढ बधिर झाली असे समजणे ही नेहमीची चूक. कधी जिभेखालून येणारी एखादी जादा चेताशाखा दाढ जागी ठेवते.

आर्टिकेन १९७६ मध्ये जर्मनीत आणि २००० मध्ये अमेरिकेत वापरात आले. त्याच्या रेणूतले थायोफीन नावाचे अणूंचे वलय त्याला चरबीत विरघळायला मदत करते, म्हणून ते हाडातून अधिक चांगले झिरपते असे मानतात. ओहायोतील २००७ च्या अभ्यासात निरोगी पहिल्या खालच्या दाढेच्या गालाकडील बाजूस ते टोचल्यावर यश ८७% मिळाले, लिग्नोकेनने ५७%. तासाभरात मात्र दोन्हींचा परिणाम ओसरत गेला. ब्लॉकमध्ये ही आघाडी उरत नाही. सुजलेल्या, ठणकणाऱ्या दाढांवर २००४ मध्ये केलेल्या तुलनेत दोन्ही औषधांचा नुसता ब्लॉक जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत पुरला. म्हणजे आर्टिकेनचा खरा फायदा गालाकडच्या नव्या वाटेत आहे.

ब्लॉकसाठी ते टाळण्यामागे आणखी एक कारण आहे. कॅनडातील ओंटारिओमधल्या नोंदींत (१९९५) जीभ किंवा ओठ दीर्घकाळ बधिर राहण्याच्या तक्रारी आर्टिकेन आणि प्रिलोकेन (भुलीचेच आणखी एक औषध) यांच्यानंतर अपेक्षेपेक्षा जास्त आढळल्या. प्रमाण लाखोंत एखादे आणि कारणावर अजून वाद आहे, तरी ब्लॉकला लिग्नोकेन आणि गालाकडून आर्टिकेन ही विभागणी आम्हाला शहाणपणाची वाटते. हिशेब सांभाळावा: ४% आर्टिकेनच्या १.८ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये (तयार भरलेल्या नळीत) ७२ मिग्रॅ, २% लिग्नोकेनच्या तेवढ्याच औषधात ३६. किलोमागे ७ मिग्रॅ ही आर्टिकेनची कमाल मर्यादा धरली तर ५० किलोच्या माणसाला पाच कार्ट्रिजही जास्त होतात.