श्वास मोजण्यापासून ऑक्सिजनपर्यंत : बेळगाव सीमाभागातील संशोधनाची पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळा म्हणजे ओली लाकडं, घरभर धूर आणि त्याच धुरात चुलीशेजारी निजवलेलं तान्हं बाळ. निपाणीकडे पाऊस कमी, पण तंबाखूच्या वखारीतली भुकटी बाराही महिने नाकातोंडात. छातीची दुखणी या भागाला नवी नाहीत. दुखणं हाताबाहेर गेलं की माणसं मिरजेची वाट धरत. डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथं 1894 साली मिशनचा दवाखाना उभा केला होता आणि क्षयाच्या रोग्यांसाठी जवळच वानलेसवाडी होती. बेळगावात केएलई या शिक्षणसंस्थेचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज (जेएनएमसी) आलं ते 1963 साली.

मुलांच्या न्यूमोनियाला मात्र मिरज काय, बेळगाव काय, दोन्ही लांबच. सकाळी कणकण, रात्री धाप आणि दुसऱ्या दिवशी सगळं संपलेलं. एक्स-रे आणि स्टेथोस्कोप नसताना हा आजार ओळखायचा कसा, याचं उत्तर पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या डॉ. फ्रँक शान यांच्या निरीक्षणांतून मिळालं: श्वास मोजा आणि छाती आत ओढली जाते का ते बघा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 60, वर्षाच्या आतल्याचे 50 आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे 40 किंवा त्याहून जास्त श्वास झाले, तर धोका. महाराष्ट्रात गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हे काम खेड्यातल्या आरोग्यदूतांच्या हाती दिलं. मोजणी येत नसलेल्यांसाठी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पट्टी केली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की औषध सुरू. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले होते. पुढे जगभर हीच पद्धत रुळली.

बेळगावच्या संशोधनाला खेड्याची वाट सापडली ती 2001 नंतर. माता-बालकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संशोधन जाळ्यात जेएनएमसी सामील झालं आणि डॉ. शिवप्रसाद गौडर व त्यांचे सहकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत उतरले. जन्मल्याबरोबर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात पिशवी-मास्कने श्वास द्यायचा, हे त्यांनी दाया, नर्स आणि डॉक्टरांना शिकवलं. त्यांचा अहवाल 2013 साली आला. मृत जन्मांचं प्रमाण 3 टक्क्यांवरून 2.3 टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे पूर्वी 'मेलेलंच जन्मलं' म्हणून बाजूला ठेवलेली काही बाळं जिवंत असावीत. हे वाचून अंगावर काटा येतो.

पण माझ्या मते बेळगावचं खरं महत्त्वाचं काम स्टेरॉइडचं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं कच्ची असतात. बाळंतपणाआधी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर ती लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 सालीच दाखवलं होतं. मग हेच खेड्यात का देऊ नये? सहा देशांत प्रयोग झाला. त्यात भारतातली बेळगाव आणि नागपूर ही दोन केंद्रं होती. दिवस नेमके माहीत नसले की रंगीत पट्टीनं गर्भाशयाची उंची मोजून अंदाज बांधायचा आणि इंजेक्शन द्यायचं. सगळे देश मिळून निकाल उलटाच लागला: औषध दिलेल्या भागात दर हजार जिवंत जन्मांमागे 27.4 नवजात मृत्यू, न दिलेल्या भागात 23.9. शिवाय आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही वाढलेला.

पाच-सहा वर्षांनी पाच देशांतल्या मोठ्या दवाखान्यांत त्याच औषधाची पुन्हा परीक्षा झाली आणि त्यातही बेळगाव होतं. या वेळी दिवस सोनोग्राफीनं पक्के केलेले आणि नवजात बाळासाठी ऑक्सिजनची, उबेची सोय हाताशी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये मृत्यूचं प्रमाण औषध न दिलेल्या गटात 23.5 टक्के, तर दिलेल्या गटात 19.6 टक्के होतं. फायदा इतका स्पष्ट होता की प्रयोग मुदतीआधीच थांबवला गेला. औषध तेच होतं. ते कुठं दिलं आणि दिल्यावर बाळाकडे बघायला कोण होतं, एवढाच फरक.

आणि सीमाभागात घोडं अडतं ते नेमकं इथंच. भीमगडच्या जंगलातल्या आमगावसारख्या गावातून पावसाळ्यात आजारी माणसाला आजही खांद्यावरून आणावं लागतं. महाराष्ट्रातल्या चंदगडकराला जवळचं मोठं शहर बेळगाव, कर्नाटकातल्या निपाणीकराला कोल्हापूर. कोविडच्या काळात कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय कर्नाटकात पाऊल टाकता येत नव्हतं, तेव्हा हे चांगलंच जाणवलं. 108 ची रुग्णवाहिका कर्नाटकात 2008 साली आली, महाराष्ट्रात 2014 साली. नंबर एकच, पण नियंत्रण कक्ष दोन. 2023 साली महाराष्ट्रानं आपली जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं. कर्नाटकानं त्याला हरकत घेतली.