व्हॅक्सिन डेपोची झाडी: पार्श्वभूमी

बेळगावच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत, म्हणजे जुन्या लस-संस्थेच्या आवारात, फिरायला जाणारे बरेच आहेत, पण शहराच्या मधोमध एवढी गावरान झाडी उरली ती देवी रोगाच्या लशीमुळे. बेळगाव मुंबई इलाख्यात असताना, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इथे लस तयार करणारी संस्था आली. तेव्हा लस जनावराच्या कातडीवर वाढवत. केस भादरून ओरखडे काढायचे, त्यात लशीचे बीज लावायचे, काही दिवसांनी फोड खरवडून ग्लिसरिनमध्ये घोटायचे. या कामाला गोठे लागत, मोकळे आवार लागे. १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला आणि लशीची गरज संपली. तोवर भोवताली वस्ती दाटली होती. सरकारी कुंपणाने आतली झाडे राखली.

१९७६ च्या कर्नाटक वृक्षसंरक्षण कायद्याने शहरात झाड तोडायला परवानगी लागते. खरा धोका मात्र सुशोभीकरणाचा आहे. झाडाची अन्न घेणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच पसरतात. त्यांवर रोलर फिरला, काँक्रीट पडले की इथली जांभी माती घट्ट बसते, हवा-पाणी अडते आणि झाड काही वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागते. ही तोड कोणी नोंदवत नाही. म्हणून पायवाट जुन्या वाटेवरच, न खणता, मुरमाची हवी. बुंध्याला मातीचा भराव घातला तर साल कुजते.

झाडीत माजणारे घाणेरीचे (लँटाना) झुडूप नुसते कोयत्याने छाटले तर दुप्पट फुटते. जमिनीखाली दोन इंचांवर सोटमूळ तोडावे आणि झुडूप तिथेच उलटे टाकावे. हे काम फळ धरण्याआधी, आणि टप्प्याटप्प्याने करावे, कारण पक्षी घाणेरीत आसरा घेतात. पुढचे दोन पावसाळे उगवलेली रोपे उपटावी लागतात. पक्षी बसतात त्या झाडांखाली ती हमखास येतात.

पालापाचोळा फक्त वाटेवरचा झाडावा. तो पेटवला की जांभूळ, ऐन, नाना या झाडांची वीतभर रोपे आधी जळतात आणि वरची झाडे म्हातारी होत असताना खाली वारस उरत नाही. नवी लागवड करायचीच तर गुलमोहर, रेन ट्री अशी परकी झाडे नकोत. बी खानापूरकडच्या रानातले आणावे. जांभळाचे बी वाळले की मरते, ते आठ-पंधरा दिवसांत पेरावे. ऐन, किंजळाची बरीच फळे आतून पोकळ निघतात, तेव्हा हवी त्याच्या कितीतरी पट पेरावी.