लहान वस्तू, मोठा उजेड : घरगुती छायाचित्रणामागची पार्श्वभूमी

इंदूरच्या सराफ्यात दुपारी गर्दी ओसरली की पेढीवरचा एखादा मुलगा गिऱ्हाइकाला पाठवण्यासाठी मोबाइलवर नथीचे छायाचित्र काढताना दिसतो. मोत्यावर ट्यूबलाइटची पांढरी रेघ उमटते, सोन्याची तार एका बाजूला पांढरीफटक तर दुसऱ्या बाजूला काळी दिसते, आणि दिवा आणखी प्रखर केला तरी हा दोष जात नाही, उलट वाढतो. मोती, सोने, चांदी यांच्या चकाकत्या पृष्ठभागावर दिसते ते बव्हंशी समोरच्या दिव्याचे प्रतिबिंब असते. दिवा लहान असला की प्रतिबिंबही टिकलीएवढेच पडते. त्यामुळे खरा प्रश्न उजेड किती आहे हा नसून, वस्तूच्या मानाने त्या उजेडाचा पसारा केवढा आहे हा आहे. छायाचित्रणाच्या आरंभी ही गोष्ट नाइलाजानेच पाळली जात होती. पुढे दिवे प्रखर होत गेले तशी ती हातातून निसटली आणि पुन्हा मिळवावी लागली.

इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी 1840 च्या दशकात चिनीमातीच्या भांड्यांची फळी छायाचित्रित केली, ती दिवसाच्या उजेडावर विसंबून. भांडी चोरीला गेली तर असे चित्र पुरावा म्हणून न्यायालयात चालेल का, असा विचारही त्यांनी त्यासोबत मांडला आहे. घरातल्या दागिन्यांची विम्यासाठी छायाचित्रे काढून ठेवणाऱ्यांचा हेतू याहून वेगळा नाही. त्या काळच्या रसायनांची संवेदनशीलता इतकी कमी होती की आकाशाखेरीज दुसरा पुरेसा दिवा नव्हता, आणि आकाश हा जगातला सर्वांत विस्तीर्ण दिवा आहे.

युरोपातील स्टुडिओंनी पुढे काचेचे छप्पर आणि उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्या स्वीकारल्या, कारण त्या दिशेने थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड येतो. हीच पद्धत हिंदुस्थानात आली. इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला असलेले लाला दीनदयाळ 1870 च्या दशकात याच शहरात छायाचित्रणाकडे वळले, तेव्हा स्टुडिओचा दिवा म्हणजे दिवसाचा उजेडच होता.

याच सुमारास दिव्यांच्या शक्तीचा काळ सुरू झाला. जळताना प्रखर उजेड देणाऱ्या मॅग्नेशियम धातूची फीत 1860 च्या दशकात वापरात आली. 1887 मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची पूड इतर रसायनांत मिसळून झोताची दारू, म्हणजे पेटवताच लख्ख उजेड देणारी भुकटी, तयार केली. ती डोळे दिपवी, धूर करी आणि अपघातही घडवी. 1920 च्या दशकाअखेर काचेच्या फुग्यात जळणारे फ्लॅशबल्ब आले आणि 1930 च्या दशकात अमेरिकी अभियंते हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेच्या अतिअल्प काळ टिकणाऱ्या झोताचे तंत्र विकसित केले. उडता थेंब गोठवून दाखवणाऱ्या या तंत्राचे मोल कमी लेखता येणार नाही. पण टेबलावरचे नाणे उडत नाही. निश्चल वस्तूला वेळ देता येतो, ही सोय शक्तीच्या ओढीत अनेकांच्या नजरेआड झाली.

ज्यांनी ती सोडली नाही त्यांची कामे आजही डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहेत. बर्लिनमध्ये शिकवणाऱ्या कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी कळ्या, देठ आणि वेलींचे ताणे साध्या पुठ्ठ्यासमोर ठेवून मऊ नैसर्गिक उजेडात, कित्येक पटींनी मोठे करून टिपले; 1928 मध्ये ती चित्रे पुस्तकरूपाने आली. अमेरिकी छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी 1930 मध्ये ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून छायाचित्र घेतले, आणि त्यासाठी भिंग काही मिनिटे उघडे ठेवले. नरसाळ्याच्या उतरत्या भिंतींनी उजेड चहूबाजूंनी मिरचीवर परतवला. माझ्या मते घरगुती छायाचित्रकाराला या नरसाळ्याइतका उपयोगी धडा दुसरा नाही. एक लहानसा उजेड भोवतालच्या भिंतींमुळे मोठा झाला, आणि त्यासाठी लागले ते स्वयंपाकघरातले साधन.

वेळ का लागतो याचे कारण भिंगात आहे. वस्तू आणि कॅमेऱ्यातली तिची प्रतिमा समान आकाराची होईल इतके जवळ गेल्यावर भिंगाचे एफ 8 मापाचे छिद्र एफ 16 सारखे वागते (एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान), म्हणजे उजेड एक चतुर्थांश उरतो. शिवाय नाण्याची कड आणि मध्य दोन्ही स्पष्ट हवे असतील तर छिद्र आणखी लहान करावे लागते. ही तूट तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) कॅमेरा ठेवून काही सेकंदांत भरून निघते. उजेडाचा पसारा मात्र सेकंद वाढवून वाढत नाही. त्यासाठी दिव्यापुढे बटर पेपर किंवा मलमलीचे कापड ताणून ते वस्तूच्या अगदी जवळ आणावे लागते. दोन इंचांच्या नथीपासून अर्ध्या फुटावर धरलेला एक फुटी कागद तिच्या दृष्टीने आभाळाएवढा असतो.

अलीकडच्या एलईडी दिव्यांनी धूर आणि उष्णता यांचा प्रश्न सोडवला. 1990 च्या दशकात तेजस्वी निळा एलईडी साधला, त्यावर फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड शोषून इतर रंगांचा उजेड देणाऱ्या पदार्थाचा, थर देऊन पांढरा उजेड मिळाला, आणि निळ्या एलईडीच्या संशोधनाला 2014 चे नोबेल पारितोषिक लाभले. मात्र स्वस्त दिव्यांच्या उजेडात गडद लाल रंगाचा अंश तोकडा असतो. त्यामुळे माणिक निस्तेज आणि सोने फिके दिसते. खोक्यावर छापलेला सीआरआयचा, म्हणजे दिव्यात रंग किती खरे दिसतात याचा, आकडा आठ सौम्य रंगांच्या सरासरीवरून काढलेला असतो, गडद लाल त्यात धरलेला नसतो. म्हणून दागिन्यांसाठी आर 9 हा गडद लाल रंगाचा वेगळा आकडा पाहून दिवा घेणे योग्य.

उत्तरेच्या खिडकीचा नियमही इथे जसाच्या तसा लागू होत नाही. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे, त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य भर दुपारीही डोक्यावरून थोडा उत्तरेकडे असतो, आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन आत येते. आमच्या घरी होळकरांच्या काळातील चांदीच्या नाण्यांवरचे बेलपान टिपताना हे ध्यानात आले. पावसाळी ढग आकाश झाकेपर्यंत त्या खिडकीवर धुवट धोतर दुहेरी करून लावावे लागते.