शिंदळ माकुडी आणि तिची वाळकी शीटं

शिवनेरीच्या कड्याला पावसाळा सरता सरता गर्द किरमिजी चांदणी चिकटल्यासारखी दिसते ना, ते शिंदळ माकुडी या झाडाचं फूल. जवळ गेलात तर वास मात्र कुजलेल्या मांसाचा, कारण परागीभवनाला माश्या बोलवायच्या असतात.

हिची कागदोपत्री गोष्ट सुरू होते जुन्नरजवळच्या हिवऱ्यापासून. तिथे डॉ. गिब्सनची सरकारी बाग होती, पुढे 1847 मध्ये तोच मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला आणि त्याच्यानंतर डॅल्झेल. दोघांनी 1861 ला मिळून बॉम्बे फ्लोरा हे इथल्या वनस्पतींचं पुस्तक काढलं पण त्यात फ्रेरिया, म्हणजे हिचं शास्त्रीय नाव, शोधू नका, ते डॅल्झेलने दिलं 1864 च्या सुमारास, तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून. साहेबाला खूश करायचं म्हणून असेल, मला तरी तसंच वाटतं. ठिकाण काय दिलं, तर हिवरे! आता हिवऱ्याचा कुठला कडा, किती उंचीवर, हे ज्याने त्याने फिरून शोधायचं.

त्यात हे झाड हर्बेरियमवाल्यांच्या, म्हणजे झाडं दाबून वाळवून कागदाच्या शीटवर जपणाऱ्यांच्या, जिवावर येणारं. मांसल खोड, पेपरात दाबलं तरी मरत नाही. मी एकदा हिच्याच जातकुळीतली माकडशिंगी दाबली होती, रोज पेपर बदलले, तीन आठवड्यांनी उघडून बघतो तर शेंड्याला हिरवागार नवा कोंब!! म्हणून आधी उकळत्या पाण्यात बुडवून मारावं लागतं, मग वाळवायचं, आणि फुलाचा रंग तिथल्या तिथे वहीत लिहायचा, कारण वाळल्यावर सगळं काळंच. पानांचंही तेच, पावसाळ्यात असतात, उन्हाळ्यात गळतात, त्यामुळे मे महिन्यात गोळा केलेलं शीट म्हणजे नुसती काडी.

नावाचा घोळ वेगळाच. 1958 मध्ये रोली या वनस्पतीशास्त्रज्ञाने तिला कॅरालुमा फ्रेराय केलं, नंतर बाउसेरोसिया हे नाव आलं. नियम असा की जुनं लेबल काढायचं नाही, शेजारी नवी चिठ्ठी डकवायची.

पुरंदर, सज्जनगड अशी आणखी ठिकाणं पुढे कळली. आता लेबलवर जीपीएस असतं, पण लोक झाडं उपटून नेतात. मग काय, डॅल्झेलने नुसतं हिवरे लिहिलं म्हणून कुरकुरणारे आम्हीच नव्या शीटवरचे आकडे कुणाला सांगत नाही.