मुळं नसलेली हिरवळ

दाट सावलीत, दबलेल्या आणि सतत ओलसर जमिनीवर गवत पिवळं पडतं, विरळ होतं. अशी जागा मॉसला, म्हणजे गालिच्यासारख्या पसरणाऱ्या बुटक्या हिरव्या वनस्पतीला, आयती मिळते; तिथे गवताऐवजी मॉसचीच हिरवळ करता येते. गवत नीट वाढत असेल तिथे मात्र मॉसच्या नादी लागू नये.

मॉसला खरी मुळं नसतात. केसांसारखे मूलाभ त्याला जमिनीला धरून ठेवतात, आणि पाणी व क्षार ते मुख्यतः पानांतूनच शोषतं. बहुतेक जातींचं पान जेमतेम एका पेशीच्या जाडीचं असतं. म्हणून खत नको, भुसभुशीत मातीही नको; पृष्ठभाग घट्ट आणि ओला हवा. कोरडं पडलं तर मॉस आक्रसून तपकिरी होतं. ते मेलं असं समजून उपटू नका, पाणी मिळाल्यावर ते बहुधा पुन्हा हिरवं होतं.

आधी गवत आणि तण मुळांसकट काढा. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) तपासा. 5 ते 6 उत्तम, पण अनेक जाती उदासीन मातीतही तग धरतात. सामू फार वर असेल तर गंधक मिसळता येतो. त्याचं आम्ल जिवाणू बनवतात आणि त्याला काही महिने लागतात, म्हणून ही तयारी बरीच आधी करावी. मग जमीन सपाट करून चोपा, वरचा थर खुरप्याने हलका ओरखडून भिजवा. मॉसचे तळहाताएवढे तुकडे अंथरा आणि पायाने दाबून बसवा. खाली पोकळी राहिली की तुकडा वाळतो. तुकडे कमी असतील तर चुरून पसरता येतात, पण जमीन झाकायला एक-दोन वर्षं सहज जातात. पक्षी ते उचकटतात. सुरुवातीला जाळी अंथरावी.

मॉस ताकात घुसळून फासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो टाळा. मॉसला ताकाची गरज नसते, बुरशीचं मात्र त्यावर छान पोषण होतं.

पहिले दोन महिने रोज बारीक फवारा द्या, पृष्ठभाग भिजेल इतकाच. पाणी तुंबू देऊ नका. आडव्या पसरणाऱ्या जातींना सततची ओल मानवते. उशीसारख्या उभ्या वाढणाऱ्या जातींना मधूनमधून वाळू द्यावं लागतं, नाहीतर त्या कुजतात. पाणी क्षारयुक्त असेल तर पावसाचं साठवून वापरावं. उन्हाचा तुकडा असेल तर पॉलिट्रिकम हा मॉसचा प्रकार निवडा. त्याच्या खोडात पाणी वाहून नेणाऱ्या पेशी असतात.

पुढची कामं दोनच. गळलेली पानं मऊ झाडूने काढत राहा, कारण त्यांच्या थराखाली प्रकाश पोहोचत नाही. तण लहान असतानाच, भोवतालचं मॉस बोटांनी दाबून धरून उपटा. हिरवळीसाठी मिळणाऱ्या काही खतांत फेरस सल्फेट असतं. ते मॉस मारण्यासाठीच घातलेलं असतं, तेव्हा पुडीवरचे घटक वाचा. आणि रोजच्या ये-जा करायच्या वाटेवर सपाट दगड बसवा; अधूनमधून पडलेलं पाऊल मॉस सोसतं, रोजचा राबता नाही.