महापौर गेले तरी महापालिका चालते, ती का?

महाराष्ट्रातल्या महापालिकांत महापौरांचा राजीनामा बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. मुदत अडीच वर्षांची आणि इच्छुक दोघे. मग पक्ष 'सव्वा-सव्वा वर्ष' वाटून देतो. पहिल्याची वेळ भरली की राजीनामा येतो, मधल्या सभा उपमहापौर चालवतात आणि नगरसेवक आपल्यातूनच उरलेल्या मुदतीसाठी नवा महापौर निवडतात. पहिल्याने खुर्ची सोडायला टाळाटाळ केली, तरच मोठी बातमी! दरम्यान पाणीपट्टीची बिले, रस्त्यांच्या निविदा, अनधिकृत बांधकामांच्या नोटिसा निघतच राहतात, कारण त्यांच्यासाठी महापौरांची सही लागतच नाही.

याचे मूळ मुंबईत, १८६५ सालच्या कायद्यात आहे. त्याने शहराचा कारभार एका आयुक्ताच्या हाती दिला. त्या पदावर आलेल्या आर्थर क्रॉफर्ड यांनी कामांचा धडाका लावला, मंडई उभारली आणि खर्चाचा हिशेब हाताबाहेर जाऊ दिला. १८७१ मध्ये करदाते खवळले. या कारभारावर चहूबाजूंनी टीका होत असताना सव्विशीतल्या फिरोजशहा मेहतांनी वेगळीच बाजू घेतली: दोष एकहाती कारभारात नाही, त्यावर लोकांनी निवडलेल्यांचा वचक नाही, यात आहे.

पुढे तसेच घडत गेले. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांचे सभागृह आले, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. आजही लागू असलेल्या १८८८ च्या कायद्याने सभागृह, खर्चाला मंजुरी देणारी स्थायी समिती आणि आयुक्त यांची कामे वाटून दिली. आयुक्त सरकारने नेमलेला. पण सभागृहाच्या पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केला, तर सरकारला त्याला परत बोलवावे लागते. सभागृहाच्या अध्यक्षाला 'महापौर' हे नाव १९३१ मध्ये मिळाले. जहांगीर बोमन-बेहराम पहिले महापौर झाले. मान वाढला, कारभाराच्या किल्ल्या मात्र आयुक्तांकडेच राहिल्या.

त्या किल्ल्या महापौरांकडे देण्याचा प्रयोगही झाला. युती सरकारच्या काळात, १९९८ मध्ये मुंबईत 'महापौर परिषद', म्हणजे महापौर आणि निवडक नगरसेवकांच्या हाती कारभार देणारी पद्धत आली आणि १९९९ मध्ये ती गुंडाळलीही गेली.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली, निवडणूक मात्र झालेली नव्हती. तेव्हा केवळ महापौरच नव्हे, स्थायी समिती आणि सभागृहही उरले नाही. आयुक्त इक्बालसिंह चहल हेच प्रशासक झाले. म्हणजे अर्थसंकल्प आयुक्तांनी मांडायचा आणि प्रशासक म्हणून तो मंजूरही त्यांनीच करायचा.