तर्कशक्ती कमी ठेवली तर केस अडते का?

‘डिटेक्टिव्ह गेम आहे, सगळे पॉइंट तर्कशक्तीत घाला, नाहीतर केस सुटणार नाही,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकायला पटतो, पण ‘डिस्को एलिसियम’ (२०१९) या डिटेक्टिव्ह व्हिडिओ गेममध्ये तो खरा नाही. तिथे २४ कौशल्यं आहेत आणि अंगापिंडाने दणकट, तर्कात कच्चा पोलिसही तपास पूर्ण करतो.

कारण फाशांत आहे. एखादी कृती जमते का, याची चाचणी गेम दोन फासे टाकून घेतो आणि त्यांच्या बेरजेत तुमच्या कौशल्याचे पॉइंट मिळवतो. दोन फाशांची बेरीज किमान ७ हवी असेल तर यशाची शक्यता ५८ टक्के; एक पॉइंट वाढवला की ७२. पण १२ हवे असतील तर तोच पॉइंट ३ वरून जेमतेम ८ टक्क्यांवर नेतो! पर्यायावर कर्सर न्या, टक्केवारी समोर दिसेल. पांढऱ्या रंगात दिसणारी चाचणी फसली तर त्याच कौशल्यात पॉइंट घातल्यावर पुन्हा उघडते, लाल रंगातली मात्र एकदाच करता येते. म्हणून मी एखादा पॉइंट नेहमी राखून ठेवते.